पंधरा लाखांच्या आधीचा पैसा

१९२० साली पुण्याच्या महिला विद्यापीठापुढे १५ लाख रुपयांची देणगी आली. देणारे सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी, मुंबईचे गिरणीमालक. विद्यापीठ तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं. सरकारची मान्यता नव्हती, पदवीला नोकरीत किंमत नव्हती आणि शिकणाऱ्या मुली अगदी थोड्या. देणगीला अटी होत्या. विद्यापीठाला सर विठ्ठलदासांच्या मातोश्रींचं नाव द्यायचं, आणि पुढे त्याचं मुख्य ठाणं पुण्याहून मुंबईला हलवायचं.

धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णासाहेब, आणि त्यांचे सहकारी यांनी ती देणगी स्वीकारली. भारतवर्षीय महिला विद्यापीठाचं नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतवर्षीय महिला विद्यापीठ झालं. आज आपण एसएनडीटी म्हणतो ते हेच.

मोठा देणगीदार अटी घालून पैसे देतो, तेव्हा काय करायचं, हा प्रश्न शाळा चालवणाऱ्या प्रत्येक मंडळापुढे कधी ना कधी येतो. बैठकीत चर्चा बहुधा नावाभोवती फिरते: इमारतीला नाव द्यायचं का, पाटी केवढी लावायची, जुन्या सभासदांना काय वाटेल. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. देणगी दारात येते त्या दिवशी संस्थेची स्वतःची ऐपत किती असते? नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी वर्ग भरेल का? कर्व्यांच्या संस्था, म्हणजे हे विद्यापीठ आणि त्याआधी विधवांसाठी काढलेला आश्रम, रडतखडत का होईना, चालू राहिल्या असत्या. ही ऐपत १८९६ ते १९२० या काळात आण्या-रुपयांनी गोळा केलेल्या पैशातून आली होती. म्हणून या प्रकरणाचा मोठा भाग १५ लाखांच्या आधीच्या काळाचा आहे.

मागायचं कोणाकडे

सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करावी लागते. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही मुख्यतः विधवांसाठीची निवासी शाळा काढली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला आणली. खर्चाची तजवीज अमेरिकेतून झाली होती. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत करण्याचं कबूल केलं. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. १८९३ मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती होतील अशा शंकेवरून वादळ उठलं, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या कामाचं मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्यांनी उभं केलेलं काम पुढेही वाढतच गेलं. पण पैसा दूरच्या देशातून येत होता आणि मुली इथल्या घरांतून. ज्या घरांतून मुली येत होत्या, त्यांचा एक पैसाही सदनात गुंतलेला नव्हता. शंका आली तेव्हा थांबून नीट चौकशी करावी, एवढं कुणाचं त्यात अडकलेलं नव्हतं.

हे सगळं कर्व्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, यांच्याशीच त्यांनी मार्च १८९३ मध्ये लग्न केलं होतं. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि बाया कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मुरूड या कर्व्यांच्या गावच्या लोकांनी या लग्नापायी कर्व्यांना वाळीत टाकलं. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. अध्यक्ष डॉ. भांडारकर. पहिली रक्कम म्हणून कर्व्यांनी स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये घातले. फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवत. ते कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचा पगार माफकच असे, त्यातून साठवलेले हे हजार.

पदरमोड करून मग हात पसरणं, हा कर्व्यांचा शेवटपर्यंतचा शिरस्ता राहिला. आजही वर्गणी मागायला गेल्यावर समोरचा माणूस तोंडाने विचारो न विचारो, मनात एक प्रश्न करतोच: तुम्ही किती दिले?

दुसरा निर्णय अधिक अवघड होता आणि त्यावर टीकाही झाली. कर्वे स्वतः पुनर्विवाह केलेले. विधवाविवाहासाठी काम करणाऱ्या मंडळीत ते पुढे होते. तरीही आश्रमाचं काम त्यांनी त्यापासून वेगळं ठेवलं. आश्रमाचा हेतू विधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभं करणं हा. लग्नं लावणं हा नव्हे, असं त्यांनी जाहीर केलं. पुढे विधवाविवाहाच्या मंडळीची चिटणिशीही सोडली. सुधारकांपैकी काहींना ही माघार वाटली. मला ती माघार वाटत नाही. पुनर्विवाहाला रुपया देणारी माणसं त्या पुण्यात किती असणार? पण घरात कुणाची ना कुणाची बालविधवा बहीण, भाची, सून होतीच. तिने चार अक्षरं शिकावीत, शिक्षिका किंवा सुईण व्हावं, याला जुन्या वळणाचा माणूसही मुकाट्याने चार आणे देऊ शकत होता. एका थैलीत दोन हेतू घातले असते तर दुसऱ्या हेतूच्या विरोधकांनी पहिल्यालाही पैसे दिले नसते. ज्याने आपल्याला वाळीत टाकलं त्याच समाजाकडे कर्वे मागायला गेले, आणि त्या समाजाने दिलं, यामागे ही फोड होती.

प्लेगच्या दिवसांत शहरात आश्रम ठेवणं धोक्याचं झालं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जागा दिली आणि १९०० मध्ये आश्रम तिथे गेला. हिंगणं तेव्हा गावाबाहेरचं रान होतं. आज तो भाग कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. कॉलेजचे तास संपले की कर्वे लागेल ते सामान पाठीवर घेऊन चिखलातून पायी हिंगण्याला जात, आणि सुट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव फिरत. हे वर्णन पुण्यात इतक्यांदा सांगितलं जातं की त्यातला व्यवहार नजरेआड होतो. देणगीदाराला शाळेचा मुख्य माणूस काय करतो हे दिसत होतं. त्यासाठी वेगळ्या माहितीपत्रकाची गरज नव्हती.

पार्वतीबाई

या प्रकरणात ज्यांचं नाव सर्वांत कमी घेतलं जातं, त्यांच्यापाशी थांबायला हवं. पार्वतीबाई आठवले या बाया कर्व्यांच्या भगिनी. जन्म १८७०. विशीत वैधव्य आलं, पदरी मुलगा. बहिणीने पुनर्विवाह केला, पार्वतीबाईंनी केला नाही. त्या आश्रमात शिकल्या, आश्रमातच काम करू लागल्या आणि मग निधी गोळा करण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं.

१९१२ पर्यंत त्या विधवेच्या जुन्या वेषातच राहिल्या, केशवपनासह. वर्गणीच्या कामात या गोष्टीला फार अर्थ होता. सुधारक म्हणून हिणवल्या गेलेल्या संस्थेसाठी पैसे मागायला जी बाई दारात उभी आहे, ती त्या घरातल्या सोवळ्या आत्येसारखीच दिसते आहे. तिला माजघरापर्यंत वाट मोकळी होती. बाहेर ओसरीवर पुरुषमाणसांशी वाद घालून जे मिळालं नसतं, ते आत बायकांशी बोलून मिळत होतं. पार्वतीबाई गावोगाव फिरल्या. त्यांनी सभांतून भाषणं केली आणि अगदी लहानातली लहान रक्कमही घेतली. १९१२ मध्ये त्यांनी केस राखायला सुरुवात केली, तोवर लोक त्यांना त्यांच्या कामावरून ओळखू लागले होते.

त्यांचं पुढचं पाऊल वाचताना आजही छातीत धडधडतं. इंग्रजी येत नाही म्हणून पैसे मागण्याचं क्षेत्र अपुरं पडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी मदत मिळवायला त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरलं. १९२० मध्ये परत आल्या.

निधी गोळा करणाऱ्याचं काम आपल्याकडे दुय्यम मानतात. शिकवणारा मोठा, योजना आखणारा मोठा, आणि पावतीपुस्तक घेऊन फिरणारा म्हणजे हरकाम्या, अशी समजूत असते. पार्वतीबाईंच्या कामाकडे पाहिलं की ही समजूत टिकत नाही. दारोदार गेल्यामुळे आश्रमाला विद्यार्थिनीही मिळाल्या. जिच्या हातावर घरच्या बाईने दोन आणे ठेवले, तिच्याकडेच त्या बाईने घरातल्या विधवा मुलीची चौकशीही केली असणार. वर्गणीचा आणि प्रवेशाचा रस्ता एकच होता. आज शाळा निधीसाठी एका माणसाला नेमते आणि प्रवेशासाठी दुसऱ्याला. दोघांची गाठ वार्षिक संमेलनात पडते.

विद्यापीठाचा घाट

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद कर्व्यांकडे आलं. भाषणाची तयारी करताना त्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी ती पूर्वी पाठवली होती आणि ती तशीच बाजूला पडली होती. टोकियोचं ते विद्यापीठ १९०१ सालचं. कर्व्यांनी परिषदेत स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ च्या जूनमध्ये विद्यापीठ सुरूही केलं. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय, जोडीला गृहजीवनशास्त्र आणि आरोग्य. पदवीचं नाव गृहीतागमा. पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी पाच.

पाच विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ. देणगी मागायला जाणाऱ्याने ही संख्या सांगायची कशी? कर्व्यांनी इथे वर्गणीदार आणि कारभार यांची सांगड घातली. जे नियमित वार्षिक वर्गणी भरतील त्यांना विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर माणसं निवडून देण्याचा हक्क. म्हणजे पावती हेच मतदारपत्र. लहान रक्कम देणाऱ्याचा आभाराच्या चिठ्ठीपलीकडे विचार होत होता.

मतभेद असलेल्यांकडेही कर्वे गेले. इंग्रजी सक्तीचं असणं गांधीजींना पटत नव्हतं. तरी त्यांनी वर्षाला दहा रुपये द्यायचं कबूल केलं. माणूस पूर्ण आपल्या मताचा होईपर्यंत त्याच्याकडे मागायचं नाही, असा सोवळेपणा कर्व्यांनी कधी पाळला नाही. विरोधाचा मुद्दा ऐकून घ्यायचा, आपला बदलायचा नाही, आणि पावती फाडायची.

पहिल्या मोठ्या देणगीदारांत डॉ. विठ्ठल राघोबा लांडे यांचं नाव घ्यावं लागतं. ते नसते तर सुरुवातीची वर्षं फार ओढगस्तीची गेली असती.

अटींचा हिशेब

सर विठ्ठलदास आणि लेडी प्रेमलीला ठाकरसी जगप्रवासात जपानला गेले होते. टोकियोचं ते महिला विद्यापीठ त्यांनी स्वतः पाहिलं. त्याच विद्यापीठाची पुस्तिका वाचून पुण्यात एक माणूस कामाला लागला आहे, हे त्यांना परत आल्यावर भिडलं. देणगी कुणा मध्यस्थाच्या चिठ्ठीने आली नाही. देणाऱ्याने नमुना डोळ्यांनी पाहिला होता आणि घेणारा तोच नमुना पाच मुलींपासून उभा करत होता.

१५ लाख ही रक्कम ऐकायला प्रचंड, पण विद्यापीठाच्या हातात दरसाल पडायचे होते ५२,५०० रुपये. १५ लाखांवर साडेतीन टक्क्यांनी होणारं व्याज तेवढंच. इमारतीचा पैसा एकदाच लागतो, शिक्षकाचा पगार दर महिन्याला. शाळेसाठी ठोक रकमेपेक्षा अशी बांधलेली वार्षिक रक्कम जास्त उपयोगाची, असं माझं ठाम मत आहे. ठोक रक्कम आली की मंडळाला आधी भिंती दिसतात. मग सभागृह होतं, त्याला फरशी बसते, आणि तिसऱ्या वर्षी विज्ञानाच्या शिक्षिकेचा पगार तीन महिने थकतो.

आजच्या सीएसआर निधीशी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून द्यायच्या पैशाशी, हे ताडून पाहण्याजोगं आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. रकमा मोठ्या असतात. पण संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम २०२१ पासून सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. चालू प्रकल्प म्हटला तरी सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांत तो आटोपावा लागतो. म्हणजे सर विठ्ठलदासांनी जे केलं, ते आजच्या कंपनीला सीएसआरमधून करताच येणार नाही. संगणक कक्ष मिळेल, तो चालवणाऱ्या माणसाचा दहा वर्षांचा पगार मिळणार नाही. तो पगार वर्गणीदारांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून आणि आयुष्याच्या शेवटी संस्थेच्या नावे काही ठेवून जाणाऱ्या माणसांकडूनच उभा करावा लागतो. शाळेच्या मंडळाने हे आधीच ताळेबंदात लिहून ठेवलं तर पुढचा पश्चात्ताप टळेल.

आता अटी. नावाची अट मला हलकी वाटते. एका मुलाने आपल्या आईचं नाव स्त्रियांच्या विद्यापीठाला दिलं. अभ्यासक्रम, मातृभाषेचं माध्यम, पदवीचं नाव, यांतलं काही त्यासाठी बदलावं लागलं नाही. देणगीदाराने पाटी मागितली तर द्यावी. वर्गात काय शिकवायचं यावर हात ठेवला तर मात्र उठून यावं.

ठाणं हलवण्याची अट जड होती. हिंगण्याची माणसं, पुण्याची माणसं, चोवीस वर्षं ज्यांनी आण्या-रुपयांनी काम चालवलं ती घरं, यांच्यापासून मुख्य कारभार दूर जाणार होता. मुंबईत मोठा पैसा होता, गुजराती आणि मराठी दोन्ही समाज होते, विद्यापीठाला भारतवर्षीय म्हणवून घ्यायचं तर एका शहरापुरतं राहून भागणार नव्हतं, हे सगळं खरं. तरी लहान देणगीदाराचा पाय जिथे लागतो तिथून संस्थेची कचेरी उठली की तो देणगीदार हळूहळू गळतो. ही किंमत कुठल्या जमाखर्चात दिसत नाही. मी त्या बैठकीत असतो तर देणगी घ्या म्हटलं असतं, आणि ठाणं हलवायला जितका अवधी मिळेल तितका मागून घ्या, असंही म्हटलं असतं. प्रत्यक्षात मुख्यालय मुंबईला गेलं ते १९३६ मध्ये. सोळा वर्षं मधे गेली.

१९२१ मध्ये विद्यापीठाच्या पाच मुली पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी सर विठ्ठलदास वारले.

मोठी देणगी आल्यावर

बऱ्याच संस्थांत या टप्प्यावर पावतीपुस्तक कपाटात जातं. एवढा मोठा आधार मिळाला, आता दोन-दोन रुपयांसाठी कुणाच्या पायऱ्या चढायच्या, असं वाटू लागतं. कर्व्यांनी पायऱ्या चढणं थांबवलं नाही. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, जपान. स्त्रीशिक्षणाच्या आपल्या प्रयोगाविषयी ते ठिकठिकाणी बोलले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांनाही भेटले. परत आल्यावर काही महिन्यांत आफ्रिकेचा दौरा. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत. तिथे व्यापार-उदिमाला गेलेली आपली माणसं होती. मायदेशाशी धागा राखायची त्यांची इच्छा होती आणि तो धागा घेऊन दारात कुणीतरी जाणं गरजेचं होतं. १९३२ मध्ये ते परतले.

हे दौरे एका म्हाताऱ्या माणसाची जिद्द म्हणून सांगितले जातात. निधीच्या बाजूने पाहिलं तर त्यांत आणखी एक गोष्ट आहे. वर्षाकाठी ५२,५०० देणारा एकच आधार असेल तर संस्था त्या एका घराच्या मर्जीवर राहते. शेकडो नवे देणगीदार जोडले की तो भार वाटला जातो आणि मोठ्या देणगीदाराशी बोलतानाही मंडळाचा आवाज सरळ राहतो.

ठाकरसी घराण्याबद्दल एक गोष्ट मनापासून नोंदवावीशी वाटते. पैसे देऊन ते घर बाजूला झालं नाही. लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी विद्यापीठाच्या कामात स्वतःचं आयुष्य घातलं. १९५१ मध्ये विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली आणि त्या कुलगुरू झाल्या. देणगी मागताना आपण रक्कम मागतो. त्या रकमेमागून एखादं माणूस संस्थेत यावं, यासाठी आपण काही करतो का? वर्षातून एकदा पाहुणे म्हणून बोलावून शाल-श्रीफळ देण्यापलीकडे?

१९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला गेलं. त्याच वर्षी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णासाहेबांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढायच्या, हा त्याचा उद्देश. त्यांचं निवृत्तिवेतन महिना ७० रुपये होतं. त्यातले १५ त्यांनी या कामाला लावले, आणि पुण्यात घरोघर जाऊन लहान लहान वर्गणी मागायला लागले.